ताईचा कॉम्प्युटर बोलेपर्यंत

माझी थोरली बहीण सुनीती दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होती. १९७४ साली नोकरीला लागली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. सातव्या वर्षी तिला देवी आल्या आणि त्यात दोन्ही डोळे गेले. आमचे वडील, दीनानाथ परुळकर, मालवणहून दिल्लीला आलेले साधे कारकून. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये आमचं बालपण गेलं. वडिलांनी ताईला अंधशाळेत घातलं, तिथे ती ब्रेल शिकली, टाइपरायटर शिकली, आणि मग ही नोकरी लागली.

कार्यालयात साडेतीनशे एक्स्टेन्शन होती आणि ती सगळी तिला तोंडपाठ होती. लोक म्हणायचे, देवाने एक घेतलं तर दुसरं दिलं. तिला ह्याचा राग यायचा. "देवाने काही दिलेलं नाही. मी बसून पाठ केलंय," ती म्हणायची. "पावकी-निमकी पाठ करतात तसं."

तिने लग्न केलं नाही. माझं लग्न झालं, राधा झाली, आई-वडील गेले, आणि २००३ साली आम्ही दिल्लीतच द्वारकेला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो: मी, माझी बायको अरुणा, राधा आणि ताई. द्वारका तेव्हा अर्धी बांधून झाली होती. पाण्याचे टँकर यायचे, उन्हाळ्यात रोज दोन-तीन तास लाइट जायची. ताई सकाळी सव्वाआठच्या, ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसने जायची आणि संध्याकाळी साडेसहाला परत यायची. बसमधल्या बायकांनी तिच्यासाठी दारामागची सीट ठेवलेली असायची.

२००६ च्या शेवटी तिच्या कार्यालयात नवं एक्स्चेंज बसलं. बाहेरचा माणूस थेट साहेबाचा नंबर फिरवायला लागला. तीन ऑपरेटर होत्या. दोघींना डिस्पॅचमध्ये पाठवलं, ताईला कुठेच पाठवलं नाही. सक्सेना म्हणून अंडर सेक्रेटरी होते. ते तिला म्हणाले, "मैडम, आप आराम से बैठिए. हाज़िरी लग जाएगी."

त्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. अरुणाने विचारलं, "ताई, काय झालं?"

"मला बसायला सांगितलंय. निवृत्तीला अजून साडेचार वर्षं आहेत, तोवर बसायला सांगितलंय."

दुसऱ्याच दिवशी तिने अर्ज दिला: मला टाइपिंग येतं, बोलणारा कॉम्प्युटर मिळाला तर मी काम करीन. सक्सेनासाहेबांनी सांगितलं की तसं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, त्याची फाइल वर पाठवू. मीही सरकारी नोकर, सेक्शन ऑफिसर. फाइल वर पाठवू म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. पाच महिने गेले. ताई रोज जायची आणि रिकाम्या ऑपरेटर-रूममध्ये बसून यायची.

मग मारुती गाडेकरांनी तिला एक सीडी दिली. हे सोलापूरकडचे, अंधशाळेत शिकवायचे, स्वतःही अंध. त्यांनी सांगितलं, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम आहे, फुकट आहे. ज्यांनी लिहिला त्यांनी तो जगाला खुला करून टाकलाय. कुणीही घ्यावा, आतलं बघावं, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. ताईचा आधी विश्वासच बसेना. तरी तिने सीडी पर्समध्ये घातली.

घरी राधाचा कॉम्प्युटर होता. राधा नोकरीसाठी हैदराबादला गेली होती, त्यामुळे त्यावर अरुणाने क्रोशाचं कव्हर घातलं होतं. रविवारी सकाळी मी कव्हर काढलं, सीडी घातली आणि ताईला शेजारी बसवलं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"फायलींची यादी आलीये."

"कुठल्या?"

"पुष्कळ आहेत. एकीवर क्लिक करतो." केलं. एक चौकट आली. मी ती वाचली आणि बंद केली. "नाही चालत गं."

"म्हणजे काय झालं?"

"ही फाइल कशाने उघडू असं विचारत होतं. मी कॅन्सल केलं."

मग तिने मारुतींना फोन लावला. ते म्हणाले, "अहो सुनीतीताई, ती सीडी लिनक्सची आहे. तुमच्याकडे काय आहे?" फोन मी घेतला. आमच्याकडे विंडोज होतं. लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम आमच्या मशीनवर चालणार नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या शाळेत सगळी मशिनं लिनक्सची, म्हणून त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

आता दोन वाटा होत्या. एक, घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचं. मी सेक्टरच्या मार्केटमधल्या खुरानाला विचारलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "सब उड़ जाएगा, भाईसाहब. फोटो-वोटो सब." राधाच्या कॉलेजचे सगळे फोटो त्यात होते. अरुणा म्हणाली, बिल्कुल नाही. शिवाय ताईच्या कार्यालयातही विंडोजच होतं. शिकायचं तर त्याच्यावरच शिकायला हवं होतं. दुसरी वाट मारुतींनी सांगितली: कुणीतरी ह्याच प्रोग्रामची विंडोजवर चालणारी प्रत बनवली आहे, ती नेटवरून उतरवून घ्या.

उतरवायला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी ऐंशी टक्क्यांवर लाइट गेली आणि सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या रविवारी अरुणाच्या माहेरून फोन आला, आणि ब्रॉडबँडचं त्या फोनशी काय भांडण होतं देव जाणे, लाइन तुटली. दुपारी तिसऱ्यांदा लावलं तेव्हा एकदाचं पूर्ण झालं.

मी इन्स्टॉल करायला घेतलं. नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. ताई शेजारी बसून प्रत्येक क्लिकला विचारत होती, "काय म्हणतंय?" मी सांगत होतो, "काही नाही, नेहमीचंच." शेवटी एक संदेश आला, लांबलचक. मी ओके दाबलं.

"झालं बहुतेक," मी म्हणालो.

तिने कीबोर्ड पुढे ओढला. बोटं बरोबर जागेवर ठेवली. आम्ही दोघं थांबलो. कॉम्प्युटर काही बोलला नाही. मी स्पीकर तपासले, गाणं लावून बघितलं, ते वाजलं. पुन्हा प्रोग्राम चालू केला. पुन्हा तो संदेश आला, पुन्हा मी ओके दाबलं, पुन्हा शांतता.

"तो शेवटचा संदेश काय होता?"

"एरर आहे काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

"अगं, फाइल सापडत नाही असं काहीसं आहे. टेक्निकल आहे. तुला सांगून काय उपयोग?"

पुढच्या रविवारी मी सगळं काढून टाकून पुन्हा टाकलं. तेच. त्याच्या पुढच्या रविवारी खुरानाला घरी बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं, ताईकडे बघितलं आणि हळू आवाजात मला म्हणाला, "भाईसाहब, दीदी को दिखता नहीं, तो कंप्यूटर का करेंगी क्या?" तो हळू बोलला तरी ताईला ऐकू गेलंच. ती उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. खुराना चहा पिऊन गेला. मी वैतागलो होतो. पाच रविवार त्या खुर्चीत गेले होते, आणि भाजी आणणं, बँक, सोसायटीची मीटिंग, सगळं तसंच पडलं होतं.

मी बाल्कनीत जाऊन म्हटलं, "ताई, हे सोडून देऊ या. तुझ्या ऑफिसची फाइल होईल मंजूर."

ती वळली. "श्याम, तू गेले पाच रविवार मला काय लिहिलंय ते सांगत नाहीयेस. तुला काय वाटतं ते सांगतोयस."

"म्हणजे?"

"म्हणजे तू गोषवारा देतोस. ऑफिसात फायलींचा देतोस तसा. काही नाही, नेहमीचंच, एरर आहे, टेक्निकल आहे. मला तुझं मत नको. मला ते शब्द हवेत."

"सगळे शब्द? अगं, त्यात वाचण्यासारखं काही नसतं."

"ते मला ठरवू दे. पन्नास वर्षं सगळे माझ्यासाठी ठरवतायत, काय वाचण्यासारखं आहे आणि काय नाही. पेपर वाचून दाखवतोस तेव्हासुद्धा तू गाळतोस. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

मला राग आला. मी म्हणालो, मी माझ्या सुट्ट्या घालवतोय आणि वर हे ऐकून घ्यायचं. ती म्हणाली, घालवू नकोस. आठवडाभर आम्ही दोघं कामापुरतं बोललो. अरुणा मधल्यामध्ये कंटाळली. शनिवारी ती मला म्हणाली, "ती म्हणते ते खरं आहे. मला पण तू पत्रं अर्धीच वाचून दाखवतोस."

रविवारी सकाळी मी खोलीत गेलो तर ताई आधीच कॉम्प्युटरसमोर बसली होती. मांडीवर तिची ब्रेलची पाटी, त्यात जाड कागद अडकवलेला, हातात टोचा.

"आजपासून हात माझे, डोळे तुझे," ती म्हणाली. "बटणं मी दाबीन. तू फक्त वाचायचं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. अर्थ सांगायचा नाही."

"स्वल्पविरामसुद्धा?"

"स्वल्पविरामसुद्धा."

त्या दिवशी जे काम मी दहा मिनिटांत करायचो त्याला तीन तास लागले. मी एकेक चौकट वाचायचो, ती टोच्याने कागदावर उतरवायची, मग टॅब दाबायची, की निवडलेल्या बटणाभोवतीची रेघ पुढच्या बटणावर सरकायची, मग विचारायची, "आता रेघ कुठल्या बटणाभोवती आहे?" माऊसला तिने हात लावला नाही, त्याचा बाण पडद्यावर कुठे आहे हे तिला कोण सांगणार. माझा घसा सुकला. दोनदा मी सवयीने "वगैरे" म्हणालो आणि दोनदा तिने टोचा खाली ठेवला.

शेवटी तो संदेश आला. ह्या वेळी ओके दाबायला मी नव्हतो.

"वाच."

मी वाचलं. हा आवाजाचा भाग सापडत नाही, आणि पुढे त्याचा पत्ता. "सी, कोलन, उलटी तिरकी रेघ, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, उलटी तिरकी रेघ, मग प्रश्नचिन्हं आहेत, उलटी तिरकी रेघ..."

"प्रश्नचिन्हं?"

"हो. काही अर्थ नाही त्यांना."

"किती?"

"काय किती?"

"प्रश्नचिन्हं किती आहेत, श्याम?"

मी मोजली. चार होती. इतक्या रविवारांत ती चार चिन्हं मी निदान दहा वेळा बघितली असतील आणि एकदाही त्यांचं नाव काढलं नव्हतं.

हा प्रोग्राम वापरणाऱ्यांचा आणि बनवणाऱ्यांचा एक ईमेलचा गट होता. मारुतींनी त्याचा पत्ता दिला. ताईने इंग्रजीत पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. तिच्या ब्रेलच्या कागदांवरून तिने प्रत्येक संदेश जसाच्या तसा सांगितला, बोटं फिरवत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, पोर्तुगालमधल्या कुणा गृहस्थाचं. मी ते तिला वाचून दाखवलं: तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत त्याबद्दल आभार, त्या चार प्रश्नचिन्हांच्या जागी तुमच्या कॉम्प्युटरवर खरं काय लिहिलेलं आहे ते शोधा, प्रोग्रामला ते वाचता येत नाहीये.

मी शोधलं. चार अक्षरांचं काही मला दिसेना. ताई तो कागद मांडीवर घेऊन बसली होती.

"ह्या कॉम्प्युटरवर नाव कुणाचं आहे? चालू केल्यावर येतं ते."

"राधाचं."

"कसं लिहिलंय?"

"मराठीत." राधाने एकदा सुट्टीत देवनागरी टाइप करायला शिकून ते नाव घातलं होतं. दिल्लीत वाढलेली मुलगी आपलं नाव मराठीत लिहिते म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलंही होतं. "पण त्यात दोनच अक्षरं आहेत, ताई. रा आणि धा."

"तुझी दोन," ती म्हणाली. "माझी चार. ब्रेलमध्ये र, मग काना, मग ध, मग काना. कॉम्प्युटरही तसंच मोजत असेल."

मी पत्ता उघडून बघितला. त्याच जागी राधा लिहिलेलं होतं. प्रोग्राम दुसऱ्या देशात, दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला. विंडोजवर आणताना त्याला मराठी नाव भेटेल असं कुणाच्या मनातच आलं नसावं.

मी उत्साहाने नाव बदलून इंग्रजीत केलं आणि पुन्हा चालू केलं. पुन्हा तोच संदेश, तीच चार प्रश्नचिन्हं. मी कपाळाला हात लावला. ताई म्हणाली, "वाच," आणि मी सगळं पुन्हा वाचलं. मग राधाला फोन केला.

"बाबा, वरचं नाव बदललं तरी फोल्डर नहीं बदलता," राधा म्हणाली. "नवीन अकाउंट बनवा. आत्याच्या नावाने. और प्लीज, इंग्लिशमध्ये."

तिने फोनवर सांगितलं, मी ताईला वाचून दाखवलं, ताईने बटणं दाबली. नवं अकाउंट झालं. तिने पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल केलं. आता तिला क्रम पाठ झाला होता, मी वाचायच्या आधीच तिची बोटं बटणावर असायची. दुपारचे चार वाजले होते. अरुणा आत झोपली होती. शेवटची चौकट गेली आणि स्पीकरमधून एक आवाज आला. कोरडा, नाकातून काढल्यासारखा, घाईत इंग्रजी बोलणारा. मला एकही शब्द कळला नाही.

"डेस्कटॉप म्हणाला," ताई म्हणाली.

तिने बाणाचं बटण दाबलं. आवाज काहीतरी बोलला. पुन्हा दाबलं, पुन्हा बोलला. ती एकेक बटण दाबत होती आणि आवाज एकेक शब्द टाकत होता. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर तिने हात वर करून मला थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर हसू वगैरे नव्हतं. कुणी फोनवर महत्त्वाचा निरोप देत असलं की ती मान जराशी तिरकी करायची, तशी तिची मान तिरकी झाली होती. मी उठून बाहेर गेलो आणि उगाचच सोसायटीला दोन चकरा मारून आलो.

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा ती म्हणाली, "त्या पोर्तुगालवाल्यांचं पत्र मी वाचलं."

"मी दाखवलं होतं की वाचून."

"शेवटच्या चार ओळी तू सोडल्यास."

मला आठवेना. तिने त्या सांगितल्या. त्या गृहस्थाने लिहिलं होतं की तोही अंध आहे, जन्मापासून; पहिल्यांदा हे बसवताना त्याने आपल्या भावाला पडद्यावरचं वाचायला लावलं, आणि त्या महिन्यात दोघं जेवढे भांडले तेवढे आयुष्यात भांडले नव्हते; तर बाईंनी धीर सोडू नये.

"मला वाटलं ते कामाचं नाही," मी म्हणालो.

अरुणाने माझ्याकडे बघितलं. ताईने आमटी मागितली.

एवढं झाल्यावर मला वाटलं, संपलं. ऑफिसात जायचं, सीडी घालायची, काम सुरू करायचं. ताई सीडी घेऊन सक्सेनासाहेबांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कितने का है?"

"फुकट आहे," तिने हिंदीत सांगितलं.

"फ्री का है? तब तो दिक़्क़त है, मैडम. ख़रीद की तो फाइल चल रही है. फ्री चीज़ की फाइल किस हेड में खोलें?"

तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी हसलो, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. वरून आक्षेपांची यादी आली. पुरवठादाराचं नाव काय? बिघडलं तर जबाबदार कोण? ह्यातून कार्यालयाची माहिती बाहेर गेली तर? आतलं सगळं उघडं आहे म्हणता, मग ते सुरक्षित कसं? प्रत्येक आक्षेपाला ताईने उत्तर दिलं, ते स्वतः टाइप करून, आता माझ्या मदतीशिवाय. एका उत्तरात तिने लिहिलं की आतलं सगळं उघडं आहे म्हणूनच ते कुणीही तपासून घेऊ शकतं; कार्यालयानेही घ्यावं. त्यावर टिप्पणी आली: "तपासण्यासाठी तज्ज्ञ उपलब्ध नाही." मी म्हणालो, एवढी लांब पत्रं कुणी वाचत नाही, एका पानात आटोप. ती म्हणाली, "न वाचू देत. पण त्यांनी सोडलं असं होईल, मी सोडलं असं व्हायला नको."

सात महिने गेले. रोज ती जायची, रोज बसून यायची. कधीकधी संध्याकाळी बसमधून उतरली की तिचा चेहरा असा असायचा की अरुणा काही न विचारता पाणी आणून द्यायची.

मंजुरी मिळाली ती तिच्या पत्रांनी नाही. वर्षअखेरीला मंत्रालयाला एक तक्ता पाठवायचा होता: अपंग कर्मचारी किती, त्यांना कोणत्या सुविधा दिल्या. आमच्या ताईच्या नावापुढचा रकाना रिकामा होता, आणि रिकामा रकाना वर पाठवायचा नसतो. सक्सेनासाहेबांनी तिला दुपारी बोलावलं. "मैडम, वो आपकी सीडी है न, आज ही लगवा लीजिए." एका तासात परवानगीवर सही झाली. ज्या आक्षेपांना सात महिने लागले होते त्यांचं पुढे कुणी नावही काढलं नाही.

त्या मशीनवर प्रोग्राम तिने स्वतः टाकला. सेक्शनमधल्या कौशल्या नेगी नावाच्या कारकून बाई वाचायला बसल्या होत्या. पहिल्या चौकटीला त्या म्हणाल्या, "कुछ नहीं, यस-नो पूछ रहा है." ताईने त्यांना सांगितलं, "नेगीजी, ऊपर बाएँ कोने से शुरू कीजिए." चाळीस मिनिटांत कॉम्प्युटर बोलायला लागला आणि सेक्शनमधली सगळी माणसं टेबलाभोवती जमली. दहा मिनिटांनी कंटाळून आपापल्या जागी गेली आणि आवाज कमी करा म्हणाली. ताईने कानाला हेडफोन लावला.

तिला ईमेलने येणाऱ्या तक्रारी नोंदवायचं काम मिळालं. तेही सरळ झालं नाही. इंग्रजी पत्रं ती भराभर वाचायची, पण निम्मी पत्रं जुन्या हिंदी फॉन्टमध्ये असायची आणि आवाज ती वाचताना नुसती अक्षरांची कचकच करायचा. ती पत्रं नेगीबाईंकडे जायची आणि ताई त्यांना विचारत राहायची, पूर्ण वाचलं का, शेवटचा परिच्छेद वाचला का. नेगीबाई पहिले सहा महिने तिच्यावर चिडून होत्या. मग एक दिवस जम्मूच्या एका निवृत्त शिपायाच्या पत्रात, तिसऱ्या पानावर, सहीच्याही खाली, त्याचं पेन्शन चुकीच्या माणसाला जात असल्याचा मुद्दा निघाला. तीन ठिकाणी ते पत्र निकाली निघालं होतं. कुणी तिसरं पान उलटलंच नव्हतं. त्यानंतर नेगीबाई चिडत नसत. निदान तोंडावर नाही.

साडेतीन वर्षं तिने ते काम केलं आणि २०११ मध्ये निवृत्त झाली. निरोपाच्या वेळी सक्सेनासाहेबांच्या जागी आलेल्या साहेबांनी भाषणात सांगितलं की कार्यालयाने मॅडमना आधुनिक सुविधा उपलब्ध करून दिली. मी मागच्या रांगेत होतो. ताईकडे बघितलं, तर ती हारातली फुलं बोटांनी चाचपत होती. घरी येताना मी विचारलं, तुला राग नाही आला? ती म्हणाली, "आला. पण बोलायला उभी राहिले असते तर तासभर बोलले असते, आणि समोसे गार झाले असते."

आता ती मंगळवारी आणि शुक्रवारी मारुतींच्या शाळेत मुलींना कॉम्प्युटर शिकवायला जाते. पहिल्या दिवशी परत आली ती तणतणतच. शाळेला कुणीतरी आठ नवे कॉम्प्युटर देणगी दिले होते, आठही विंडोजचे, आठांवर हा प्रोग्राम टाकलेला. आणि वर्गात गोंगाट होतो म्हणून देणगीदारांच्या माणसाने आठांचाही आवाज बंद करून ठेवला होता, हेडफोन द्यायचे राहून गेले होते.

"आठ कॉम्प्युटर," ती अरुणाला सांगत होती, "आणि एकही बोलत नाही. मुली महिनाभर गप्प मशीनसमोर बसून टाइप करतायत. कुणाला काही वाटलं नाही. शाळा कुणाची, तर अंधांची."

अरुणाने चहा पुढे ठेवला. ताईने कप उचलला नाही. तिला आधी देणगीदारांना पत्र लिहायचं होतं, आणि ते एका पानात मावणार नव्हतं.